हत्ती गेला, शेपूट राहिले : कन्याकुमारीच्या अलीकडचे शेवटचे सातशे किलोमीटर

काश्मीर ते कन्याकुमारी हा सायकल प्रवास करणारा माणूस बेंगळुरूला पोहोचतो तेव्हा त्याच्या सायकलच्या मीटरवर साधारणपणे तीन हजार किलोमीटर झालेले असतात, आणि घरून येणाऱ्या फोनवर एकच वाक्य ऐकू येते : "आता काय, पोहोचलातच की!" हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असले तरी ते मनावर घेऊ नये. बेंगळुरूपासून कन्याकुमारीपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून अजून सुमारे पावणेसातशे किलोमीटर जायचे असते, म्हणजे पुण्याहून नागपूरला जाण्याइतके. पुण्यातून नागपूरला सायकलने निघालेल्या माणसाला कोणी "पोहोचलातच" असे म्हणणार नाही. शरीर आणि सायकल दोन्ही झिजलेली असताना हा पल्ला काढायचा असतो, म्हणून त्याची आखणी स्वतंत्र प्रवासासारखी करावी. पुढील मार्गदर्शन याच टप्प्यापुरते आहे. बरोबर मदतीची गाडी नसलेल्या, स्वतःचे सामान स्वतः वाहणाऱ्या सायकलस्वाराला समोर ठेवून ते लिहिले आहे.

मजल वाढवू नये

शेवट जवळ आला की रोजचा पल्ला वाढवण्याची इच्छा हमखास होते. महिनाभर रोज शंभर किलोमीटर सायकल चालवलेली असते, पाय तयार झालेले असतात आणि तमिळनाडूतला रस्ता सपाट असतो, तेव्हा रोज दीडशे केले तर दोन दिवस वाचतील, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब कागदावर बरोबर असतो. मात्र या टप्प्यावर पाय जितके तयार असतात तितकी बैठक, मनगटे आणि झोप तयार नसतात, आणि वाचवलेले दोन दिवस एखाद्या फोडापायी तीन दिवस होऊन परत द्यावे लागतात. महिनाभरात जो पल्ला अंगवळणी पडला असेल तोच शेवटपर्यंत ठेवावा, आणि जमल्यास शेवटच्या दोन दिवसांत तो कमीच करावा.

मला सोयीची वाटलेली विभागणी अशी आहे. बेंगळुरू ते कृष्णगिरी सुमारे ९० किलोमीटर, तेथून सेलम सुमारे ११०, सेलम ते करूर १००, करूर ते दिंडिगल ७५ आणि दिंडिगल ते मदुराई ६५. मदुराईचा दिवस मुद्दाम लहान ठेवला आहे, कारण दुपारी बारापर्यंत पोहोचून उरलेला अर्धा दिवस आणि गरज पडल्यास दुसरा पूर्ण दिवस तेथे विश्रांती घेता येते. मदुराईहून कोविलपट्टी सुमारे १०० किलोमीटर, तेथून तिरुनेलवेली ओलांडून वळ्ळियूर पुन्हा तेवढेच, आणि शेवटच्या दिवसासाठी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर राहतात. अनेक जण तिरुनेलवेलीहून एका दमात ८५ किलोमीटर करून शेवट गाठतात आणि त्यात चूक काही नाही. तरीही शेवटच्या दिवशी वाटेत थांबावेसे वाटते, फोटो काढावेसे वाटतात, फोन येत राहतात, त्यामुळे लहान पल्ला असलेला बरा, असे माझे मत आहे.

या आखणीत एक दिवस मोकळा धरावा. घरच्यांना आणि मित्रांना पोहोचण्याची तारीख सांगताना तो दिवस मिळवूनच सांगावी, कारण स्वागतासाठी कोणी पुण्या-मुंबईहून निघाले असेल तर त्यांच्या गाडीची वेळ आपल्या पायांवर सक्ती करू लागते. तापात सायकल चालवणारे आणि अंधारात महामार्गावर उरलेले सायकलस्वार मी पाहिले आहेत. त्यांतले बहुतेक जण स्वतःच्या हौसेपेक्षा दिलेल्या तारखेसाठी चालवत होते.

बेंगळुरूत सायकलची शेवटची तपासणी

सायकलचे चांगले सुटे भाग खात्रीने मिळण्याचे या वाटेवरचे शेवटचे शहर बेंगळुरू आहे, असे धरून चालावे. सेलम आणि मदुराई मोठी शहरे आहेत, पण तेथे आपल्या मापाचे टायर किंवा डिस्क ब्रेकचे पॅड शोधण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. म्हणून बेंगळुरूत एक पूर्ण दिवस थांबून सायकल धुवावी आणि उजेडात नीट पाहावी.

प्रथम चेन पाहावी. चेनची एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून बरोबर एक इंच होते, म्हणून ताणलेल्या चेनवर पट्टी ठेवून एका पिनच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत मोजले तर नवी चेन बरोबर १२ इंच भरते. हे माप १२ इंचांच्या वर एक सोळांश इंच गेले असेल तर चेन बदलण्याच्या वयात आली आहे, आणि एक अष्टमांश इंच गेले असेल तर तिने मागची कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) झिजवली आहे. येथे माझा सल्ला दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा वेगळा असेल. एक अष्टमांश इंचापर्यंत ताणलेली चेन या टप्प्यावर बदलू नये, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन बसत नाही, जोर लावला की ती उडते, आणि मग कॅसेटही बदलावी लागते. जुनी चेन आणि जुनी कॅसेट एकमेकींबरोबर झिजलेल्या असतात, त्यामुळे त्या सातशे किलोमीटर निमूटपणे निघतात. त्या दोन्ही घरी गेल्यावर बदलाव्यात. तोपर्यंत चेन पुसून तेल घालणे पुरेसे आहे.

टायरच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. मागच्या टायरवर सामानाचे वजन असल्यामुळे तो पुढच्यापेक्षा बराच लवकर झिजतो, आणि त्याच्या मध्यभागी रबर जाऊन आतले कापड दिसू लागले असेल तर तो तेथेच टाकून नवा घ्यावा. झिजलेला मागचा टायर पुढे आणि पुढचा मागे लावण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती ऐकू नये, कारण मागचा टायर फुटला तर सायकल डगमगते, पण पुढचा फुटला तर आपण पडतो. ब्रेकचे पॅड, गिअरच्या तारेचे शिफ्टरजवळचे टोक (तार तुटण्यापूर्वी तेथे तिचे केस सुटू लागतात), मागच्या चाकाचे आरे आणि कॅरिअरचे स्क्रू एवढे पाहिले की तपासणी संपली. तीन हजार किलोमीटरच्या थरथरीने कॅरिअरचे स्क्रू नेहमीच थोडे ढिले झालेले असतात.

नवे बूट, नवी सीट, नवे हँडल यांपैकी काहीही या दुकानातून घेऊन निघू नये. अंगाला बसलेली जुनी गैरसोय या टप्प्यावर नव्या सोयीपेक्षा बरी असते.

रस्ता : तोप्पूरचा उतार, तारा आणि पाऊस

बेंगळुरू शहर रविवारी पहाटे पार करावे, आणि होसूरच्या दिशेला लांब उड्डाणपूल लागतो त्यावर न चढता खालच्या रस्त्याने जावे. होसूरला तमिळनाडू सुरू होतो. पुढे धर्मपुरी आणि सेलम यांच्या दरम्यान तोप्पूरचा घाट आहे. तो दक्षिणेकडे जाणाऱ्याला उतरायचा असतो, म्हणून सुखाचा वाटतो, पण हा उतार अवजड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. उतारावर ब्रेक तापलेले ट्रक मागून येतात आणि त्यांना हवे तेव्हा थांबता येत नाही. हा भाग दिवसा आणि कोरड्या रस्त्यावरच उतरावा, ब्रेक सतत दाबून न धरता दाबत-सोडत ठेवावेत, डाव्या कडेची पट्टी सोडू नये आणि हळू जाणाऱ्या ट्रकला उजवीकडून ओलांडण्याचा विचारही करू नये. घाटाच्या आधी थांबून चहा प्यावा, पॅड पुन्हा पाहावेत आणि मग उतरावे.

सेलमनंतर चढ-उतार जवळपास संपतात. नामक्कल आणि करूरच्या दरम्यान कावेरी ओलांडली की पुढे रुंद, सरळ आणि बऱ्याच अंशी निर्मनुष्य वाटणारा चौपदरी रस्ता लागतो. तेथे धोका वाहनांपेक्षा कंटाळ्याचा असतो, आणि कंटाळलेला सायकलस्वार कडेच्या पट्टीवर काय पडले आहे ते पाहत नाही. ट्रकचे फुटलेले टायर याच पट्टीवर पडलेले असतात आणि त्यांतून सुटलेल्या केसाएवढ्या पोलादी तारा आपल्या टायरमध्ये शिरतात. माझ्या प्रवासात मदुराई ते कोविलपट्टीच्या दरम्यान मला एका दुपारी तीन पंक्चर झाली. पहिल्या वेळी घाईने ट्यूब बदलली, दुसऱ्या वेळी नशिबाला दोष दिला, आणि तिसऱ्या वेळी चहाच्या टपरीच्या सावलीत बसून टायर पूर्ण उलटा केला. बोटांना काही लागेना. टपरीवाल्या अण्णांनी आतून कापसाचा बोळा आणून दिला आणि तो टायरच्या आतून फिरवायला खुणेने सांगितले. एका जागी कापसाचा एक तंतू अडकून राहिला. तेथे नखाएवढीही नसलेली तार रबरात रुतलेली होती. ती बाहेर येत नव्हती, शेवटी नखे कापायच्या कात्रीच्या टोकात पकडून ओढली. तिन्ही पंक्चर एकाच तारेने केली होती. तेव्हापासून कापसाचा बोळा आणि नेलकटर माझ्या पंक्चरच्या पिशवीत असतात, आणि ट्यूबवरचे भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहून टायरवर त्याच जागी शोध घेतल्याशिवाय मी नवी ट्यूब घालत नाही.

बहुतेक लोक हा प्रवास ऑक्टोबर ते जानेवारीत करतात, आणि तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हा परतीच्या नव्हे तर ईशान्य मोसमी पावसाचा, म्हणजे तेथल्या मुख्य पावसाचा काळ असतो. हे महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. सामानातले रेनकोट आणि पॅनियरची (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्यांची) आवरणे हिमाचल-पंजाबातून कुरिअरने घरी पाठवण्याची चूक करू नये. सरी बहुधा दुपारनंतर गाठतात, म्हणून सकाळी उजाडताच निघून दुपारी दोनपर्यंत मुक्काम गाठावा. इतक्या दक्षिणेला डिसेंबरमध्येही दिवस साडेअकरा तासांच्या आसपास असतो, त्यामुळे अंधारात निघण्याची गरज पडत नाही. वाऱ्याचा त्रास या महिन्यांत कमी असतो. तिरुनेलवेलीच्या पुढे दिसणाऱ्या पवनचक्क्यांची राने ज्या वाऱ्यावर फिरतात तो पश्चिमेचा जोरदार वारा जून ते सप्टेंबरचा, आणि त्या काळात जाणाऱ्याने शेवटच्या शंभर किलोमीटरला आडव्या वाऱ्यामुळे दीडपट वेळ धरावा.

आणखी एक गोष्ट नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतची आहे. हा शबरीमलेच्या यात्रेचा काळ असतो. अय्यप्पाचे भक्त कन्याकुमारीलाही येतात, त्यामुळे रात्रभर प्रवास करून आलेल्या गाड्या पहाटे रस्त्यावर असतात, चालकांचे डोळे झोपेने जड झालेले असतात आणि लॉजचे दर वाढलेले असतात. या दिवसांत मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा आणि कन्याकुमारीची खोली किमान आठवडाभर आधी ठरवावी.

शरीर

या टप्प्यावर तीन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली बैठकीची. घाम, घर्षण आणि दमट हवा यांमुळे पुरळ येते आणि त्याचा फोड होतो. रोज धुतलेली आणि पूर्ण वाळलेली चड्डी घालणे, मुक्कामाला पोहोचताच ती बदलणे आणि दर पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहून पेडल मारणे, एवढ्याने बहुतेकांचे भागते. दमट हवेत कपडे रात्रीत वाळत नाहीत, म्हणून ते धुतल्यावर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळावेत आणि पंख्याखाली टाकावेत. फोड सुजून कडक झाला आणि ताप आला तर डॉक्टर गाठावा, तो स्वतः फोडू नये.

दुसरी तक्रार हाताची. करंगळी आणि अनामिका बधिर होतात, कारण तळहाताच्या त्या कडेने जाणारी नस हँडलवर आठवडेच्या आठवडे दाबली गेलेली असते. हातांची जागा सतत बदलावी आणि मनगट वाकलेले ठेवू नये. बधिरपणा काही आठवड्यांत जातो, पण कुलपात किल्ली फिरवण्याची ताकद कमी झाल्यासारखी वाटली तर दोन दिवस थांबावे. तिसरी गुडघ्याची. वाटी दुखत असेल तर सीट बहुधा खाली सरकलेली असते आणि गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर ती वर असते. सीटच्या दांड्यावर घरी असतानाच चिकटपट्टीची खूण करून ठेवलेली असेल तर हा वाद मिनिटात मिटतो.

खाण्याची या वाटेवर चैन आहे. सकाळी पोंगल किंवा इडली, दुपारी केळीच्या पानावरचे 'साप्पाडु', मध्ये शहाळे. कोविलपट्टीची कडलै मिट्टाय म्हणजे आपली शेंगदाण्याची चिक्कीच आहे, तिला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि सायकलच्या पुढच्या पिशवीत ठेवायला ती परदेशी एनर्जी बारपेक्षा सरस आहे. हे मी लोणावळ्याची माफी मागून लिहितो. तिरुनेलवेलीचा गव्हाच्या सत्त्वाचा हलवा मात्र तुपाने निथळत असतो, तो मुक्कामाला पोहोचल्यावर खावा. पाण्याला 'तण्णी', किती झाले याला 'एव्वळवु' आणि सरळ याला 'नेरा' एवढे तीन शब्द आले तरी दिवस निघतो. हिंदीत रेटून बोलण्यापेक्षा खूण आणि हसू यांवर काम लवकर होते.

शेवटचा दिवस

वळ्ळियूरहून उजाडताना निघाले की नऊ-दहाच्या सुमारास कन्याकुमारी येते. कावलकिणरूजवळ एक रस्ता नागरकोविलकडे फुटतो. तो न घेता कन्याकुमारीच्या पाटीने जावे. शेवटचे काही किलोमीटर वस्तीतून आणि पर्यटकांच्या बसमधून जातात. समुद्र दिसताच नजर वर जाते आणि नेमके तेव्हाच गतिरोधक येतात. माझ्या ओळखीचा एक जण शेवटच्या किलोमीटरमध्ये एका हाताने चित्रीकरण करताना पडला आणि मनगटाला प्लास्टर घालून विवेकानंद शिलेसमोर फोटोला उभा राहिला. चित्रीकरण थांबून करावे.

गटाने प्रवास केला असेल तर शेवटचे दहा किलोमीटर सर्वांत हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवावे. वेगवान माणसे आधी पोहोचून वाट पाहत बसली की पोहोचण्याचा क्षण तुकड्या-तुकड्यांत वाटला जातो आणि मग त्यावर पुढे वर्षभर टोमणे चालतात.

चाक समुद्रात बुडवण्याची हौस अनेकांना असते. ती करायचीच असेल तर त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चेनला तेल घालावे. मीठ लागलेली सायकल गाठोडे बांधून दीड दिवस रेल्वेच्या डब्यात पडून राहिली तर घरी उघडताना तांबडी निघते.

गावात किमान दोन रात्री काढाव्यात. समुद्र खवळलेला असला की शिलेकडे जाणारी होडी बंद असते, म्हणून दुसरा दिवस हाताशी लागतो. १९७० साली उद्घाटन झालेल्या विवेकानंद शिला स्मारकाच्या उभारणीमागे अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्याला जन्मलेले एकनाथ रानडे होते, आणि त्यांनीच स्थापन केलेल्या विवेकानंद केंद्राच्या आवारात राहण्याची सोय आहे. मोकळी जागा असल्यामुळे सायकल खोलणे-बांधणे तेथे सोपे जाते, आणि बाकड्यावर बसले की कुठून तरी मराठी कानावर पडतेच.

परतीची तयारी

परतीचे तिकीट हा शेवटच्या टप्प्याचा भाग आहे आणि तो कन्याकुमारीला पोहोचल्यावर सुरू करू नये. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, म्हणजे प्रवास सुरू करतानाच ठरलेल्या शेवटानंतर तीन दिवसांचे तिकीट काढून ठेवता येते. कन्याकुमारीहून पुण्याला थेट एक्स्प्रेस आहे. ती केरळमधून जाते, त्यामुळे शबरीमलेच्या काळात आधी भरते. तिचा मोठा गुण असा की सायकल जेथे चढवायची ते तिचे पहिले स्थानक आहे आणि जेथे उतरवायची ते शेवटचे, म्हणून चढवायला पुरेसा वेळ मिळतो आणि सायकल पुढे निघून जाण्याची भीती राहत नाही. मुंबईकरांनी नागरकोविलहून सुटणाऱ्या गाड्याही पाहाव्यात.

आदल्या दिवशी पार्सल कार्यालयात जाऊन वेळ, कागदपत्रे आणि बांधणी कशी हवी ते विचारून यावे. तिकीट दाखवून सायकल लगेज म्हणून नोंदवावी, पावती जपावी, आणि नाव, फोन क्रमांक व उतरण्याचे स्थानक पुठ्ठ्यावर ठळक लिहून तो पुठ्ठा दोन्ही बाजूंना शिवून बांधावा, नुसता चिकटवू नये. मीटर, दिवे, पंप, बाटल्या आणि पिशव्या काढून स्वतःजवळ ठेवाव्यात. पुठ्ठा आणि गोणपाट बाजारातल्या दुकानांतून मिळतात. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, सर्वांत नाजूक असतो. चेन सर्वांत मोठ्या मागच्या चाकतीवर घेतली की तो आत सरकतो, मग त्यावर जाड पुठ्ठ्याची दुहेरी घडी बांधावी. पहिल्या वेळी मी हे केले नव्हते आणि पुण्याला वाकलेला हँगर (डिरेलर ज्याला अडकवतात तो तुकडा) हातात आला, त्यात दोष माझ्याच बांधणीचा होता. पेडल काढताना लक्षात ठेवावे की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवे नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवून सुटते आणि डावे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. पाना जोर लावूनही हलत नसेल तर आधी दिशा तपासावी, आणि घरी पेडल परत बसवताना आट्यांना ग्रीस लावून पहिले दोन-तीन फेरे हातानेच द्यावेत.